‘पोरांना काम येतं, पण प्रोफेशनल नाहीत’

पत्र थोडक्यात : पत्रलेखिका ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका खासगी आयटीआयमध्ये एम्प्लॉयबिलिटी स्किल्स, म्हणजे नोकरीत टिकायला लागणारी कौशल्यं, हा विषय शिकवतात. स्वतः कॉमर्सच्या, नंतर एचआरमध्ये एमबीए. मुलं दिवा, कळवा, दिघा, घणसोली इथली, बहुतेक मराठी माध्यमातली, दहावी होऊन आलेली. कंपन्यांकडून एकच तक्रार येते : हाताला काम आहे, पण पोरं प्रोफेशनल नाहीत. उशीर, न सांगता दांड्या, विचारलं की मान खाली, दोन महिन्यांत नोकरीला रामराम. व्यवस्थापनाने बाहेरून ट्रेनर आणून दोन दिवसांची कार्यशाळा घेतली. टाय, हस्तांदोलन, इंग्रजीत स्वतःची ओळख. फोटो छान आले, बाकी सगळं जिथल्या तिथे. वर्कशॉपचे सर म्हणतात, ‘मॅडम, तुमच्या तासात पोरांचा प्रॅक्टिकलचा वेळ जातो.’ अलीकडेच रेफ्रिजरेशन-एसी ट्रेडमधला सगळ्यात हुशार मुलगा एका सर्व्हिस एजन्सीत लागला आणि तिसऱ्या आठवड्यात न सांगता जायचा बंद झाला. सुपरवायझरने बाईंना फोन करून चार शब्द सुनावले. मुलगा एवढंच म्हणाला, ‘मॅडम, तिथे खोटं बोलायला लावतात.’ बाईंना ते निमित्त वाटतं. त्या विचारतात, ही पिढीच अशी आहे का? हे शिकवून येतं, की घरातूनच यावं लागतं? आणि आठवड्यातल्या मोजक्या तासांत मी एकटीने करू तरी काय?

नमस्कार मॅडम,

तुमच्या तिन्ही प्रश्नांकडे येतो, पण आधी त्या मुलाच्या वाक्याकडे. ‘तिथे खोटं बोलायला लावतात.’ तुम्ही ते एका ओळीत लिहिलंत, निमित्त ठरवलंत आणि पुढे गेलात. मला मात्र पत्रातली सगळ्यात वजनदार ओळ तीच वाटली.

एसी सर्व्हिसिंगच्या धंद्यात जरा डोकावून बघा. मार्च ते मे कॉलवर कॉल. घोडबंदरच्या एखाद्या टॉवरमध्ये बेडरूमचा एसी गार करत नाही. बहुतेकदा फिल्टर तुंबलेला असतो, आउटडोअर युनिटच्या कॉइलवर धुळीचा थर असतो, नाहीतर कॅपॅसिटर गेलेला असतो. गॅस दर वेळी कमी असतोच असं नाही. आणि एसीतला गॅस बंद नळ्यांमधून फिरत राहतो, गाडीतल्या पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे. गळती न शोधता वरून गॅस भरला, तर महिन्या-दोन महिन्यांत तोच कॉल परत. हे तुमच्या मुलाने वर्कशॉपमध्ये स्वतःच्या हाताने केलेलं आहे. नोकरीवर गेल्यावर मात्र बरोबरचा सीनियर कानात सांगतो, ‘गॅस कमी आहे म्हण, टॉप-अप मार, बिल लाव.’ कारण साध्या सर्व्हिसच्या बिलापेक्षा गॅसचं बिल मोठं, आणि काही ठिकाणी टेक्निशियनचा इन्सेंटिव्ह त्या बिलावर. सगळ्या एजन्सी असं करतात असं अजिबात नाही, पण असं चालतं हे या धंद्यातला कुणीही चहाच्या टपरीवर तुम्हाला सांगेल.

तर त्या मुलाला बसवून एकदा नीट विचारा : काय बोलायला लावलं? कुणी? तू काय म्हणालास? पहिल्या दिवशी, तिसऱ्या दिवशी? कदाचित खरंच निमित्त निघेल, झोप होत नव्हती आणि शिडीवर चढायची भीती वाटत होती असं काहीतरी. पण तो खरं बोलत असेल, तर ज्याला सगळे अनप्रोफेशनल म्हणतायत त्याच्याकडे धंद्याची सचोटी आहे. त्याला येत नव्हतं ते पुढचं : सीनियरला उलट न बोलता नकार कसा द्यायचा, ही गोष्ट कुणाच्या कानावर घालायची, आणि नाहीच जमलं तर नोकरी रीतसर कशी सोडायची. या तीन गोष्टी कोणत्याही घरात आपोआप शिकवल्या जात नाहीत. माझ्या-तुमच्या घरातही नाही. म्हणजे तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आलं.

‘पिढीच अशी’ यावर मी फार वेळ घालवणार नाही, पण एक गोष्ट लक्षात घ्या. ॲप्रेंटिसशिपचा, म्हणजे शिकाऊ उमेदवारीचा, कायदा १९६१ चा आणि एमआयडीसी १९६२ ची. वागळे इस्टेट ही तिची पहिली वसाहत, मग ठाणे-बेलापूर रस्त्यावरचे कारखाने. त्या काळात मोठ्या कारखान्यांना स्वतःचा ट्रेनिंग विभाग असायचा. मी अशाच एका विभागात बरीच वर्षं काढली. सोळा-सतरा वर्षांची पोरं यायची तेव्हा तीही मान खालीच घालून यायची. शिफ्टला उशीर झाला तर गेटवर काय सांगायचं, मशीन पुढच्या शिफ्टच्या ताब्यात कसं द्यायचं, फोरमनशी कसं बोलायचं, हे त्यांना वर्ष-दोन वर्षं एखाद्या मिस्त्रीच्या हाताखाली, शिव्या खात खात कळायचं. त्यातले कितीतरी कारखाने आता नाहीत. महापे-ऐरोलीला त्या जागांवर काचेच्या इमारती आहेत. आज तुमचा मुलगा जातो तो आठ-दहा माणसांच्या एजन्सीत किंवा कंत्राटदाराकडे. तिथे नवख्याला शिकवायला वेगळा माणूस नाही, दुसऱ्या दिवशी बॅग खांद्यावर आणि कॉलवर रवानगी. मिस्त्रीचं ते काम कुणीतरी करायला हवं होतं. ते न सांगता तुमच्या टेबलावर येऊन पडलंय. पिढी बदलली असेल-नसेल, शिकवणारा माणूस मात्र मधून निघून गेला हे नक्की.

आता कंपन्यांच्या तक्रारीबद्दल. ‘प्रोफेशनल नाहीत’ एवढ्यावर तुम्ही काहीच करू शकत नाही. ही तक्रार तुमच्यापर्यंत एचआरकडून येते, आणि एचआरला ती सुपरवायझरकडून उडत उडत कळलेली असते. थेट चार-पाच सुपरवायझरना फोन करा आणि मत विचारू नका, प्रसंग विचारा : शेवटचं कधी वैतागलात? त्या दिवशी काय झालं? मला खात्री आहे, टायचा विषय कुणीही काढणार नाही. ऐकायला मिळेल ते असं : कॉलवरून निघाला आणि कळवलंच नाही. पार्ट जळाला तो लपवला. गिऱ्हाइकाला ‘तुम’ म्हणाला. काम अर्धं सोडून आला आणि काय केलं ते लिहिलं नाही, दुसऱ्या दिवशी दुसऱ्याला पहिल्यापासून खोलावं लागलं. यातली एकेक गोष्ट सरावाने येते. स्वभाव बदलावा लागत नाही.

उशिराचंच घ्या. दिव्याहून रबाळ्याला येणारा मुलगा ठाण्याला उतरतो, पुलावरची गर्दी कापत नवी मुंबईकडे जाणाऱ्या ट्रान्स हार्बर लोकलच्या प्लॅटफॉर्मवर पोचतो, तिथे गाडी गेली की पुढच्या गाडीची वाट. सर्व्हिसवाल्यांचं खरं काम रविवारी, कारण गिऱ्हाईक त्याच दिवशी घरी. आणि रविवारीच मेगाब्लॉक. उशीर होणारच. सुपरवायझरही तिकडूनच कुठून तरी येतो, त्यालाही हे कळतं. त्याचा राग उशिराइतकाच गप्प राहण्यावर असतो. पण पोराच्या डोक्यात गणित वेगळं : आता फोन केला तर आत्ता शिव्या, नाही केला तर पोचल्यावर, म्हणजे तेवढ्या नंतर. शाळेत तो हेच शिकला. उशिरा आलास तर वर्गाबाहेर उभा राहा. आधी कळवून काही फरक पडतो, हा अनुभव त्याला कधी आलेलाच नाही.

म्हणून तुमच्या वर्गापासून सुरू करा. नियम एवढाच : उशीर होणार असेल तर तास सुरू होण्याआधी मेसेज. मेसेजमध्ये तीन गोष्टी : काय झालं, किती वाजता पोचतो, माझं काम तोवर कुणाकडे. ‘मॅडम, दिव्याला गाडी रखडलीय. सव्वानऊपर्यंत येतो. किटची चावी माझ्याकडे आहे, दुसरी स्टोअरमध्ये मिळेल.’ मराठीतच. असा मेसेज ज्याने केला त्याला आत घ्या, हजेरी द्या, एक शब्द बोलू नका. ज्याने केला नाही त्याच्याशी तासानंतर बोला. आणि तुम्हाला उशीर होणार असेल तर तुम्हीही त्याच ग्रुपवर तसाच मेसेज टाका. मुलं हे फार बारकाईने बघतात.

इथे थोडं कडू बोलतो. तुमची संस्था मुलांशी कशी वागते? वेळापत्रक बदललं तर आदल्या दिवशी कळतं का, की कळव्याहून येऊन दाराला कुलूप बघून परत जावं लागतं? स्कॉलरशिपच्या फॉर्मसाठी ऑफिसात ‘उद्या ये’ किती वेळा ऐकावं लागतं? जिथे मोठी माणसंच कळवत नाहीत तिथे वर्षभर बसून मुलगा कळवायला शिकेल, ही अपेक्षा जरा जास्तच आहे. याचा दोष तुमचा नाही, पण प्राचार्यांच्या कानावर घालण्यासारखी गोष्ट आहे. पुढच्या कार्यशाळेचे पैसे वाचवून ऑफिसच्या खिडकीवर एक नीट माहितीफलक लावला तरी फरक पडेल.

त्या कार्यशाळेबद्दल माझं मत तुमच्यासारखंच आहे, फक्त जरा कमी सौम्य. ‘मायसेल्फ अमुक, बिलाँग्स टू कळवा’ हे वाक्य पाठ केलेली मुलं मी ढिगाने पाहिली आहेत. ते वाक्य संपलं की तोंडाला कुलूप. इंग्रजी नको असं माझं म्हणणं मुळीच नाही. पण एसी टेक्निशियनला लागणारं इंग्रजी वेगळं : युनिटवरची नेमप्लेट वाचता येणं, एरर कोड मॅन्युअलमध्ये शोधता येणं, वायरिंग डायग्रामखालच्या सूचना समजणं, रजेचा चार ओळींचा मेल, ग्रुपवर आलेल्या सूचनेला नेमकं उत्तर. तेवढं शिकवा, पुढचं गरजेप्रमाणे येतं. हिंदीवर मात्र थोडा वेळ खर्च करा. आपली पोरं हिंदी फडाफडा बोलतात, पण ती आपली मुंबईची हिंदी. ‘तुम बोला था ना?’ असं साठीच्या बाईंना सहज म्हणून जातात. मनात उद्धटपणा नसतो, कानाला सवय तीच असते. गिऱ्हाईक मात्र थेट ऑफिसात फोन करून ‘लडका बदतमीज है’ म्हणतं. ‘आप’ आणि ‘कीजिए’ जिभेवर बसवायला पंधरा दिवस पुरतात.

आता वर्कशॉपचे सर. तुमचा खरा अडथळा तेच आहेत असं तुम्हाला वाटतं. मला वाटतं तुमचं काम झालं तर त्यांच्यामुळेच होईल. त्यांच्याकडे जाऊन ‘सॉफ्ट स्किल्स’ हा शब्दही काढू नका. विचारा : सर, पोरांचा तुम्हाला सगळ्यात जास्त वैताग कशाचा येतो? ते सांगतील, व्हर्नियर (बारीक मापं घ्यायचं साधन) पडला आणि कुणी सांगितलंच नाही. टूल जागेवर परत येत नाही. समजलं नसताना ‘हो सर’ म्हणतात आणि जॉब, म्हणजे हातातलं प्रॅक्टिकलचं काम, वाया घालवतात. म्हणजे सुपरवायझर आणि सर यांची तक्रार एकच आहे, फक्त दोघं एकमेकांना भेटलेले नाहीत. तुमचा विषय वेगळ्या खोलीत, वेगळ्या बाईंनी, फळ्यावर शिकवायचा राहिला तर तो परीक्षेपुरताच राहील. तो वर्कशॉपमध्ये, जॉबबरोबरच शिकला जायला हवा. आठवड्यातला निम्मा वेळ तुम्ही खाली वर्कशॉपमध्ये उभ्या राहा. एसीचं तुम्हाला काही कळत नाही हा इथे फायदाच आहे. तो कसा, ते पुढे सांगतो.

पहिलं काम जॉब शीटचं, म्हणजे काय काम केलं त्या नोंदीच्या कागदाचं. आज तुमच्याकडे मुलं जॉब करतात आणि नंतर जर्नल उतरवतात, बहुधा एकमेकांचं बघून. त्याऐवजी एक प्रयोग करा. सोमवारच्या बॅचने स्प्लिट एसीवरचं काम मुद्दाम अर्धवट सोडायचं आणि जॉब शीट लिहून ठेवायची. मंगळवारच्या बॅचने फक्त ती शीट वाचून पुढे चालू करायचं. आदल्या बॅचला फोन करायचा नाही, सरांना विचारायचं नाही. पहिल्या आठवड्यात गोंधळ उडेल. ‘एसी चेक केला, ओके’ एवढंच लिहिलेलं असेल आणि मंगळवारची पोरं सोमवारच्यांच्या नावाने बोटं मोडतील. ते होऊ द्या. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात शीटवर आपोआप दिसायला लागेल : कोणत्या मॉडेलवर काम, काय तक्रार, किती अँपिअर, किती प्रेशर, काय उघडलं, काय परत लावायचं राहिलं, कोणता स्क्रू कुठे ठेवला. चांगलं कसं लिहावं यावर तुमच्या दहा व्याख्यानांनी जे होणार नाही ते मित्राच्या एका शिवीने होतं.

हे केवळ टापटिपीसाठी नाही, हे सरांना पटवायला सोपं आहे. जुन्या युनिटमध्ये आर-२२ हा गॅस असतो, नव्यांमध्ये बहुतेक आर-३२, आणि तो सौम्य ज्वलनशील आहे. काही युनिटमध्ये आर-२९० असतो, म्हणजे चक्क प्रोपेन. आधीच्या माणसाने कोणता गॅस, लाइन रिकामी केली की नाही, नायट्रोजन सोडला की नाही हे लिहिलं नसेल आणि पुढच्याने ब्रेझिंगचा (नळ्या तापवून जोडायचा) टॉर्च पेटवला, तर काय होईल ते सर तुमच्यापेक्षा रंगवून सांगतील. त्यांनीच सांगू दे. वर्कशॉपच्या अंतर्गत मूल्यमापनात शीटला थोडे गुण ठेवता आले तर फारच उत्तम, पण गुणांवाचून प्रयोग अडवू नका.

दुसरं, ‘मला येत नाही’ म्हणायला जागा. ही सरांच्याच हातात आहे. विचारलं की ‘एवढंही कळत नाही?’ असं उत्तर मिळत असेल, तर मुलगा विचारणं बंद करतो आणि लपवायला शिकतो. नोकरीवर जळालेला पीसीबी (एसीतला सर्किट बोर्ड) लपवणारा मुलगा बहुतेकदा वर्कशॉपमध्ये पडलेला व्हर्नियर लपवून तयार झालेला असतो. सरांना स्वभाव बदला म्हणून सांगता येत नाही. पण एक वही ठेवता येते : काय मोडलं, कुणाच्या हातून, केव्हा सांगितलं. त्याच दिवशी लिहिलं तर दंड नाही. एवढं ते कबूल करतील. टूल लपवल्याचा त्रास त्यांनाच सगळ्यात जास्त होतो.

तिसरं, गिऱ्हाईक. आणि इथे तुमचं अज्ञान कामाला येतं. मुलांनी दुरुस्ती केली की त्यांनी ती तुम्हाला समजावून सांगायची : काय बिघडलं होतं, काय केलं, किती खर्च, परत बिघडलं तर काय. तुम्ही गिऱ्हाइकासारखे प्रश्न विचारायचे. ‘मागच्या वेळी गॅस भरला होता ना? मग परत कसा गेला?’ ‘तो दुसरा माणूस कमी पैसे सांगत होता.’ तुम्हाला समजलं नाही तर सांगणाऱ्याची चूक. वर्गात नाटक म्हणून केलं की पोरं हसतात आणि सगळं वाया जातं, तेव्हा शक्य तितकं खरं करा. संस्थेत वॉटर कूलर आहे, ऑफिसात एसी आहे, प्राचार्यांच्या केबिनमध्ये आहे. एक तक्रार वही ठेवा. ऑफिसने तक्रार लिहायची, सरांच्या देखरेखीखाली दोघा मुलांनी कॉल घ्यायचा, येण्याची वेळ कळवायची, काम करायचं, जागा पुसून काढायची, समजावून सांगायचं आणि सही घ्यायची. ऑफिसातली क्लार्क मंडळी गिऱ्हाईक म्हणून उत्तम, त्यांचं समाधान सहजासहजी होत नाही.

या सरावात ‘नाही’ म्हणायचाही सराव घाला. बरोबरच्या सीनियरने गिऱ्हाइकासमोर ‘गॅस कमी आहे’ म्हटलं तर? तिथल्या तिथे भांडण नको. खाली आल्यावर शांतपणे : ‘दादा, प्रेशर बरोबर होतं. मी शीटवर रीडिंग लिहिलंय तेच लिहिणार.’ तरीही दबाव आला तर सुपरवायझर, तिथेही तेच असेल तर तुमच्या संस्थेत नोकऱ्या लावून देणारा प्लेसमेंट विभाग. ही साखळी मुलाला नोकरीवर जाण्याआधी तोंडपाठ हवी, आणि साखळीच्या शेवटी फोन उचलणारं माणूस हवं. ते माणूस बहुधा तुम्हीच असाल.

काही वाचक इथे म्हणतील, ही सगळी कंपनीला सोयीची आज्ञाधारक पोरं तयार करायची युक्ती आहे. तशी ती होऊ शकते, म्हणूनच नकाराचा सराव बाकीच्या इतकाच मनावर घ्या. नुसतं ‘यस सर’ शिकलेला मुलगा बिल लावायलाही ‘यस सर’च म्हणणार.

आता नोकरी सोडण्याबद्दल एक गोष्ट, जी तुमच्या पत्रात नाही आणि अशा चर्चांत सहसा कुणी काढत नाही. पैसे. मुलगा तीन तारखेला कामाला लागला तर पहिला पगार हातात पडतो पुढच्या महिन्याच्या सात-दहा तारखेला. म्हणजे पाच आठवडे रेल्वेचा पास, रिक्षा, जेवण, मोबाइलचं रिचार्ज, सेफ्टी शूज सगळं घरातून. घरात आधीच ओढाताण असेल तर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात वडील म्हणतात, ‘त्यापेक्षा डिलिव्हरीचं काम कर, आठवड्याला पैसे येतात.’ आणि मुलगा गायब होतो. लाजेपोटी कारण सांगत नाही. नोकरी सोडलेल्या मुलांची यादी काढा आणि त्यांनी कोणत्या आठवड्यात सोडली ते बघा. पहिल्या पगाराआधीची संख्या जास्त निघाली तर कितीही व्यक्तिमत्त्व विकास करा, काही होणार नाही. तिथे उपाय वेगळा : रुजू होतानाच कंपनीकडे पंधरा दिवसांनी उचल मागणं, किंवा संस्थेच्या माजी विद्यार्थ्यांकडून पहिल्या महिन्याच्या पासापुरता छोटा फिरता निधी. आणि नव्या मुलाला पहिल्या शनिवारी एक फोन. तपासणीसाठी नाही, ‘डबा नेतोस का, सोबत कोण असतं’ एवढंच विचारायला. अडचण तिथेच बाहेर येते.

मुलींसाठी, विशेषतः कोपा (कॉम्प्युटर ऑपरेटरचा ट्रेड) किंवा इलेक्ट्रॉनिक्सच्या, पाठवण्याआधीच विचारून घ्या : सेकंड शिफ्ट आहे का, सुटल्यावर स्टेशनपर्यंत गाडी आहे का, स्वच्छतागृह आहे का. हे मुलीने पहिल्या दिवशी विचारलं तर ‘नखरे’ ठरतात. संस्थेने आधी विचारलं तर तो व्यवहार असतो.

आणि कंपन्यांसमोर जरा ताठ उभ्या राहा. सध्याच्या ॲप्रेंटिसशिप नियमांप्रमाणे ३० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के ॲप्रेंटिस घ्यावेच लागतात. राष्ट्रीय ॲप्रेंटिसशिप प्रोत्साहन योजनेत स्टायपेंडचा (विद्यावेतनाचा) २५ टक्के, महिन्याला जास्तीत जास्त १,५०० रुपये, वाटा केंद्र सरकार देतं. म्हणजे रबाळे-महापेच्या मोठ्या आस्थापनांना तुमच्या मुलांची गरज आहे, तुम्ही दारात उपकार मागायला जात नाही. मुलगा पाठवताना तीन गोष्टी लेखी घ्या : तो ॲप्रेंटिस आहे की कामगार (ॲप्रेंटिस असेल तर करार सरकारच्या ॲप्रेंटिसशिप पोर्टलवर नोंदवलेला हवा), पैसे कधी आणि किती, आणि पहिला महिना त्याला कुणाच्या हाताखाली ठेवणार. तिसऱ्या प्रश्नाला ‘बघू’ असं उत्तर मिळालं तर तुमचा सगळ्यात हुशार मुलगा तिथे पाठवू नका. एखादा खमक्या पाठवा, किंवा कुणालाच नको.

हे सगळं एका सत्रात होणार नाही. तुमच्या जागी मी असतो तर या सत्रात दोनच गोष्टी धरल्या असत्या : उशिराचा मेसेज आणि अर्धवट जॉबची शीट. सर तयार झाले तर तक्रार वही पुढच्या सत्रात. सर तयार झालेच नाहीत, तर त्यांच्याशी वाद न घालता एक तुकडी, एक मशीन एवढ्यावर करून दाखवा आणि एखाद्या सुपरवायझरला बघायला बोलवा. सरांना तुमच्यापेक्षा त्याचं पटेल. वाईट वाटून घेऊ नका.

शेवटी तो मुलगा. त्याला बोलवा, आधी ऐकून घ्या, आणि मग त्याच्याकडूनच एजन्सीला पत्र लिहून घ्या. तो टाळेल. म्हणेल, ‘आता काय तोंडाने लिहू?’ त्याच तोंडाने. त्याने त्या दिवसांत काम केलंय, त्याचे पैसे त्याचे आहेत, आणि बहुतेक एजन्सीचं काही सामानही त्याच्याकडे असेल. पत्र साधं असू दे :

‘महोदय, मी अमुक तारखेपासून आपल्याकडे हेल्पर म्हणून कामावर होतो. अमुक तारखेपासून मी कामावर आलो नाही आणि तसे कळवलेही नाही, याबद्दल दिलगीर आहे. मी नोकरी सोडत आहे. माझ्याकडे आपले क्लॅम्प मीटर, गेज आणि ओळखपत्र आहे, ते शनिवारी सकाळी आणून देतो. कामाच्या दिवसांचा पगार माझ्या खात्यात जमा करावा, ही विनंती.’

कारण लिहायचं की नाही ते त्याला ठरवू द्या. लिहायचंच असेल तर आरोप नको, एकच ओळ पुरे : ‘गळती न तपासता गॅसचे बिल लावणे मला जमणार नाही.’ पत्राच्या दोन प्रती करायला सांगा, सामानाची यादी खाली लिहायला सांगा, आणि सामान हातात देताना एका प्रतीवर सही-तारखेची पोच घेतल्याशिवाय तिथून निघू नकोस म्हणावं. तिथे एकट्याने जायची भीती वाटत असेल तर सोबत वर्कशॉपच्या सरांना पाठवा.